दगडावरची चिठ्ठी

आयुष्यात मी एकच कबर धुतली आहे. ती ज्या बाईची होती ती माझी कोणी नव्हती. मी तिला पाहिलंही नव्हतं. माझ्या जन्माच्या सुमारास ती गेली असावी. तरी तो दगड मी दोन बादल्या पाणी आणि भांडी घासायचा जाड ब्रश घेऊन, गुडघे टेकून, मन लावून धुतला. त्यातून पुढे जे झालं ते आमच्या घरात सगळ्यांना अर्धंमुर्धं माहीत आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी ते कोणालाच सांगितलेलं नाही.

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनीची गोष्ट असेल. नवरा जर्मनीत वाल्डॉर्फच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. वाल्डॉर्फमध्ये घरं मिळेनात, म्हणून बसने पंचवीस मिनिटांवरच्या एका खेड्यात आम्ही वरचा मजला भाड्याने घेतला. खेडं म्हणजे एक चर्च, एक बेकरी, आठवड्यातून तीन दिवस उघडणारी बँक आणि चहूकडे द्राक्षांचे मळे. मी पुण्यात एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. इथे माझ्या व्हिसावर ‘नोकरी करण्यास परवानगी नाही’ असा स्वच्छ शिक्का होता. सकाळी नवरा गेला की मी खिडकीत बसून समोरच्या छपरावरचा पत्र्याचा कोंबडा वाऱ्यावर फिरताना बघायचे आणि कोणावर तरी मनातल्या मनात चिडायचे. स्वभाव मुळातच तापट, त्यात रिकामपण. दोन्ही मिळून माझं काही खरं नव्हतं.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहत. सत्तरी उलटलेल्या, एकट्या, पाठीने ताठ. आम्ही घरात त्यांना ‘खालच्या आजी’ म्हणायचो. नियमाच्या इतक्या पक्क्या की दह्याच्या डब्याचं झाकण आणि डबा वेगवेगळे टाकले नाहीत तर दार वाजवून सांगायला यायच्या. गावाच्या इतिहास मंडळाच्या त्या चिटणीस होत्या. मंडळ म्हणजे पाच म्हातारी माणसं आणि जुन्या फोटोंनी भरलेलं एक कपाट.

एके दिवशी त्या एक लिफाफा घेऊन वर आल्या. अमेरिकेहून आलेलं पत्र, इंग्रजीत. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. माझं जर्मन तेव्हा भाजी आणण्यापुरतं. मध्ये टेबलावर जाडजूड शब्दकोश ठेवून आम्ही दोघींनी ते पत्र तीन तास वाचलं. त्या दिवसापासून मला काम मिळालं, बिनपगारी का होईना.

पत्र लिहिणारे गृहस्थ ऐंशीच्या घरात होते. अमेरिकेच्या मधोमध, गव्हाच्या सपाट मुलखात त्यांचं छोटंसं गाव होतं. आमच्या खेड्यातून दीडशे वर्षांपूर्वी निघालेल्या काही कुटुंबांनी ते वसवलं आणि नावही हेच ठेवलं, पुढे फक्त ‘नवं’ जोडून. आता त्या गावाचा इतिहास त्यांनी लिहायला घेतला होता. ‘मी शेतकरी आहे, लेखक नाही,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘पण माझ्यानंतर लिहायला इथे कोणी उरणार नाही.’

आधी मला हसूच आलं. दीडशे वर्षं म्हणजे काय इतिहास! आमच्या पेठेतलं पिंपळाचं झाड त्याहून जुनं असेल. पण पत्रांमागून पत्रं येत गेली, मग ईमेल यायला लागल्या. ते दर बुधवारी तालुक्याच्या लायब्ररीत जाऊन ईमेल टाइप करायचे. हळूहळू ते गाव मला आमच्या गल्लीपेक्षा जास्त ओळखीचं झालं. पहिल्या हिवाळ्यात लाकूड नव्हतं म्हणून लोकांनी गवताळ मातीचे चौकोन कापून घरं बांधली होती. चर्चची घंटा बैलगाडीतून आणताना नदीत पडली आणि ती काढायला अख्खं गाव दोन दिवस पाण्यात उभं होतं. पहिल्या महायुद्धात, तुम्ही जर्मन म्हणजे शत्रू, असं म्हणत शेजारच्या गावच्या लोकांनी चर्चच्या दाराला पिवळा रंग फासला. तेव्हा जर्मन भजनांची पुस्तकं गव्हाच्या कोठारात लपवावी लागली. त्यानंतर शाळेत जर्मन शिकवणं बंद झालं. पुढे यंत्रं आली, शेतं मोठी होत गेली आणि माणसं कमी. शाळा मिटली, पोस्ट मिटलं, रेल्वेचे रूळसुद्धा उखडून नेले. आता तिथे बारा-तेरा माणसं होती.

आणि दफनभूमी होती. चर्चमागची, टेकाडावरची. हे आजोबा दर शनिवारी स्वतः तिथलं गवत कापायचे. त्यांची आई दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी बादली आणि ब्रश घेऊन सगळे दगड धुवायची, आपले-परके सगळे. ती गेल्यावर ते काम यांच्याकडे आलं. ‘माझं सगळं गाव आता तिथेच भेटतं,’ एका ईमेलमध्ये त्यांनी लिहिलं होतं. हे आजींना जर्मनमध्ये सांगताना माझा आवाज थोडा कापला. आजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते बरं झालं.

त्या ईमेलमध्येच त्यांच्या आईची हकीकत आली. आई मूळची आमच्याच खेड्यातली. दोघी बहिणी. पहिल्या युद्धानंतर उपासमारीच्या दिवसांत धाकटी एका दूरच्या काकांकडे अमेरिकेला गेली आणि तिथेच लग्न करून राहिली. थोरली म्हाताऱ्या आईसाठी इथेच थांबली, तिने लग्न केलं नाही. पन्नास वर्षं दोघींनी एकमेकींना पत्रं लिहिली. भेट मात्र एकदाही झाली नाही. आधी पैसे नव्हते, मग युद्ध, मग गुडघे. थोरली आधी गेली. धाकटी मरताना मुलाला म्हणाली, ‘माझ्या कबरीतली मूठभर माती तिच्याजवळ नेऊन टाक.’ तिला जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती. आजोबांनी ते केलेलं नव्हतं. शेती होती, मग बायको आजारी होती, आणि विमानात ते कधी बसलेच नव्हते.

ऑगस्टमध्ये खालच्या आजी जिन्यात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि मग दोन-तीन महिने त्या दूर एका शुश्रूषा केंद्रात राहिल्या. सप्टेंबरात आजोबांची ईमेल आली. मावशीचा दगड अजून असेल का, आणि असला तर कोणी त्याचा एक फोटो काढून पाठवेल का? त्यांनी नाव आणि आडनाव नीट एकेक अक्षर सुटं करून लिहिलं होतं.

आजींना शुश्रूषा केंद्रात फोन करून विचारता आलं असतं. पण मला वाटलं, एवढंसं काम, माझं मी करते. त्यात थोडी मिजासही होती हे कबूल करते. इतके दिवस मी नुसती दुसऱ्याची वाक्यं इकडून तिकडे नेत होते. हे मात्र माझं स्वतःचं काम होणार होतं.

गावची दफनभूमी, म्हणजे फ्रीडहोफ, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. मी तोवर आत पाऊल टाकलेलं नव्हतं. आपल्याकडे स्मशानात बायका जात नाहीत, निदान आमच्या घरात तरी जात नसत. आत गेले तर चक्क बाग. प्रत्येक कबरीवर ताजी फुलं, कोपऱ्यात नळ आणि हिरव्या झाऱ्या टांगलेल्या. मी एकेक दगड वाचत गेले. तासाभराने भिंतीजवळ तो सापडला. लालसर दगड, शेवाळ चढलेलं, पुढे फुलं नाहीत, नुसतं रानगवत. आजोबांच्या ईमेलची प्रिंट हातात धरून मी अक्षरं जुळवली. तीच होती.

मला इतका आनंद झाला की काही विचारू नका. अनोळखी गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं.

दगडावर वरच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. पिवळी, तळहाताएवढी, छापील. पहिला शब्द ‘कृपया’ होता, तो मला कळला. मग लांबच लांब शब्द. आणि खाली एक तारीख, वर्षअखेरची. मी कॅमेरा काढून एक फोटो घेतला. पाहिला तर चांगला आला नव्हता. ऊन माझ्या पाठीमागे होतं आणि माझीच सावली दगडावर पडली होती, वाकलेली, ओढणीसकट. वर ती पिवळी चिठ्ठी. असला फोटो कसा पाठवायचा? पन्नास वर्षं पत्रं लिहिणाऱ्या बाईचा मुलगा बघणार, आणि मावशी अशी, शेवाळलेली, कपाळावर चिठ्ठी डकवलेली.

मी घरी गेले, बादली आणि ब्रश आणला. त्यांची आई धुवायची तसा दगड धुतला. रानगवत उपटलं. बेकरीशेजारच्या दुकानातून शेवंतीची कुंडी आणून ठेवली. आणि ती चिठ्ठी नखाने कडा उचलून, पाण्याने भिजवून, डिंकाचा डागसुद्धा न ठेवता सोलून काढली. घडी करून कागदाच्या डब्यात टाकली. डबा बरोबर निवडला, त्यात काही चूक केली नाही. मग दुसऱ्या बाजूने, सावली न पाडता, फोटो घेतला. सुरेख आला.

तो मी पाठवला. पुढच्या बुधवारी उत्तर आलं. त्यांनी फोटो मोठा करून आईच्या फोटोशेजारी लावला होता. ‘कोणीतरी तिची काळजी घेतं आहे हे पाहून मी पहिल्यांदा मनाने मोकळा झालो,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘मी मे महिन्यात येतो. माती घेऊन.’

नोव्हेंबरात आजी परत आल्या, दोन काठ्यांवर. मी त्यांना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, “गेनाऊ, अगदी बरोबर, भिंतीजवळचीच.” आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. त्या कधी कोणाला हात लावत नसत. तो हिवाळा त्या घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. बर्फावर काठी घसरते. मलाही पुन्हा तिकडे जायचं काही कारण नव्हतं. मी जर्मनच्या वर्गाला जायला लागले होते.

मे महिन्यात आजोबा आले. नवऱ्याने हायडेलबर्ग स्टेशनवरून त्यांना गाडीने आणलं. उंच, वाकलेले, डोक्यावर गिरणीची जाहिरात असलेली टोपी, हात फावड्याएवढे. खालच्या आजींच्या दारात त्यांनी टोपी काढली आणि काहीतरी बोलले. आजी एकदम भिंतीला टेकल्या. ते इथल्या बोलीत बोलले होते, पण शंभर वर्षांपूर्वीच्या बोलीत. आईकडून शिकलेली, घरातल्या घरात वापरलेली. लिहिता त्यांना येत नसे, म्हणून पत्रं इंग्रजीत. वाचता आणि बोलता मात्र चांगलं येई. “माझी आजी असं बोलायची,” आजी डोळे पुसत मला म्हणाल्या. मग ते दोघं तासभर बोलत बसले आणि मी, दुभाषी, कॉफी ओतत. मला थोडा मत्सरच वाटला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं फ्रीडहोफला गेलो. आजोबांच्या कोटाच्या खिशात बेकिंग पावडरचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात ती माती. मी पुढे, वाट दाखवत. भिंतीच्या कोपऱ्याला वळले आणि थांबले.

तिथे काही नव्हतं. दगड नव्हता, शेवंती नव्हती. शेजारच्या दोन कबरी जागच्या जागी आणि मध्ये लांबट चौकोनात नवं, पोपटी, कोवळं गवत.

मी वेड्यासारखी पुढे जाऊन पुढचे दगड वाचायला लागले. मला वाटलं मीच चुकले. मागून आजींचा आवाज आला, “आख नाइन,” अरे देवा, नाही. त्यांना पाहताक्षणी कळलं होतं. जर्मनीत कबरीची जागा कायमची नसते. पंचवीस-तीस वर्षांची मुदत असते. ती संपली की नातेवाइकांनी वाढवून घ्यायची. नाही वाढवली तर दगड काढून टाकतात, वर गवत पेरतात आणि काही काळाने ती जागा दुसऱ्याला देतात. इथे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून मला ते कधी कोणी सांगितलं नव्हतं. आणि मी समजत होते की ख्रिस्ती माणसाची कबर म्हणजे जगबुडीपर्यंत कबर. आजोबांचाही तोच समज. त्यांच्या गावात माणसं नव्हती, पण कबर एकही हललेली नव्हती.

आजींनी त्यांना हे सगळं त्यांच्या जुन्या बोलीत सांगितलं, अगदी हळू. त्यांनी एकच विचारलं, “मग तिला कुठे नेलं?”

“कुठे नाही. ती इथेच आहे, खाली. फक्त तिचं नाव गेलं.”

ते त्या गवताकडे बघत उभे राहिले. डबा दोन्ही हातांत. माती त्यांनी टाकली नाही. मला म्हणाले, “मी फोटो रोज बघतो. फोटोत होती ना ती?” मी मान हलवली.

तिथून आम्ही गावच्या कचेरीत गेलो. खिडकीपलीकडच्या बाई सभ्य होत्या, त्यांचा काहीच दोष नव्हता. त्यांनी फाइल काढली. मुदत मागच्या वर्षी संपली होती. भाडं भरणारा एक दूरचा पुतण्या होता, तो वारला होता. दुसरा वारस नोंदीत नव्हता. म्हणून नियमाप्रमाणे गावच्या पत्रिकेत जाहीर सूचना दिली होती आणि ऑगस्टपासून दगडावर चिठ्ठी लावली होती. वर्षअखेरपर्यंत कोणीच आलं नाही. फेब्रुवारीत जागा मोकळी केली. दगड फोडायला गेला.

“दगडावर चिठ्ठी?” आजोबांनी विचारलं.

“हो, पिवळी. नातेवाइकांनी संपर्क साधावा अशी. सगळे बघतात ती.”

मला कागदाच्या डब्यात टाकलेली ती घडी आठवली. त्याच वेळी शेजारी आजी रडायला लागल्या. इतकी ताठ बाई, परक्या माणसासमोर, कचेरीच्या खुर्चीत. “चूक माझी आहे,” त्या म्हणत होत्या. “पत्रिका दर आठवड्याला माझ्या पेटीत येते. मी तेव्हा तिकडे होते. परत आल्यावर सगळा गठ्ठा न वाचता बाजूला ठेवला. चिटणीस ना मी! मी वाचायला हवं होतं.” आजोबा त्यांच्या पाठीवर हात ठेवून “नाही, नाही” म्हणत राहिले.

आणि मी गप्प राहिले. हे लिहितानाही माझी मान खाली जाते आहे. बोलायची वेळ तीच होती. एक वाक्य पुरलं असतं. मी एका म्हाताऱ्या बाईला माझ्या चुकीसाठी रडू दिलं आणि घरी येईपर्यंत तिची पर्स धरून चालत राहिले.

वर येऊन मी कॉम्प्युटर उघडला. तो पहिला, टाकाऊ फोटो अजून होता. मी तो मोठा केला. हिवाळाभराच्या वर्गानंतर आता ते लांबलांब शब्द सुटत होते. ‘कृपया लक्ष द्या. या जागेची मुदत संपली आहे. नातेवाइकांनी खालील तारखेपर्यंत कार्यालयाशी संपर्क साधावा.’ खाली फोन नंबरही होता. दगडाखालच्या बाईचा जगातला एकुलता एक वारस ज्याची वाट पाहत होता तोच हा फोटो होता. तो जर्मन वाचू शकत होता. चिठ्ठी त्याच्यासाठीच लावलेली होती, आणि ती मी नखाने सोलून काढली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, तुला तेव्हा जर्मन येत नव्हतं. यू डिडन्ट नो. यात तुझा काय दोष? उद्या परवा ते जातील. कशाला नसतं ओढवून घेतेस?”

“तारीख वाचायला जर्मन लागत नाही,” मी म्हणाले. “तारीख मी पाहिली होती.”

“पण आता सांगून ती कबर परत येणार आहे का?”

“नाही. पण खालच्या आजी अजून रडतायत.”

फोटोची प्रिंट त्यानेच काढून दिली.

सकाळी मी खाली गेले. दोघं नाश्त्याला बसले होते. मी प्रिंट टेबलावर ठेवली आणि आधी जर्मनमध्ये, मग इंग्रजीत सांगितलं. चिठ्ठी मी काढली. कोणालाही न विचारता काढली. आजींच्या पत्रिकेचा काही संबंध नाही. ती चिठ्ठी फोटोत राहिली असती तर तुम्ही सप्टेंबरातच वाचली असती.

आजोबांनी चष्मा लावला. चिठ्ठीवरचं त्यांनी मोठ्याने वाचलं, सावकाश, एकेक शब्द, चर्चमध्ये वाचतात तसं. तारखेसकट. मग विचारलं, “का काढलीस?”

“ती चांगली दिसावी म्हणून.”

“मी त्याच दिवशी फोन केला असता.”

“हो.”

ते उठले आणि बाहेर गेले. दाराचा आवाजही केला नाही. आरडाओरडा केला असता तर मला सोसला असता. ते नुसते निघून गेले, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजी माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता तरी थोपटतील. त्या म्हणाल्या, “हे तुम्ही काल कचेरीत सांगायला हवं होतं.” बरोबरच होतं. मग काठ्या उचलून म्हणाल्या, “चला आता. ते टोपी विसरलेत. ऊन आहे.”

आजोबा भिंतीजवळ गुडघ्यांवर बसले होते. नव्या गवतातलं रानटी पिवळं फूल मुळासकट काढत होते, सवयीने. आजींनी टोपी दिली. त्यांनी ती घातली आणि विचारलं, माती इथे टाकलेली चालेल का?

आजींना मी ओळखत होते. दह्याच्या झाकणासाठी दार वाजवणारी बाई. त्यांनी खरं तेच सांगितलं. “नाही. परवानगी लागते, आणि ती मिळणार नाही.” मग त्या दोन्ही काठ्यांवर रेटा देत हळूहळू वळल्या, त्यांच्याकडे पाठ करून वाटेकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, “या खुब्यामुळे मला मागे वळून बघता येत नाही.”

आजोबांनी खिशातला चाकू काढला. गवताचा एक चौकोन कापून अलगद उचलला, त्यांच्या पणजोबांनी पहिल्या हिवाळ्यात घरासाठी कापला असेल तसा. डबा उपडा केला. माती काळी होती, इथली तांबूस. गवत परत बसवून वरून तळहाताने दाबलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पाणी.”

मी धावत जाऊन नळावरची हिरवी झारी भरून आणली. त्यांनी ती घेतली नाही. मलाच घालायला सांगितलं. मी पाणी घातलं आणि मोठ्याने रडले. आजी शेवटपर्यंत वळल्या नाहीत.

त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले. महिनाअखेरीला तिकडचे दगड धुवायचे होते, त्याआधी पोचायला हवं होतं. स्टेशनवर त्यांनी मला माफ केलं असं काही म्हटलं नाही, आणि मी विचारलं नाही. गाडी यायच्या आधी एवढंच म्हणाले, “तो पहिला फोटो मला ईमेल कर. चिठ्ठीवाला.”

“तो वाईट आलाय. माझी सावली आहे त्यात.”

“तोच.”

दोन वर्षांनी अमेरिकेहून एक पार्सल आलं, खालच्या आजींच्या आणि माझ्या नावाने. लायब्ररीतल्या कोणा बाईने पाठवलं होतं. आत पुस्तक होतं, आणि एक चिठ्ठी. आजोबा हिवाळ्यात गेले, आईशेजारी जागा होती तिथे ठेवलं, पुस्तक छापून आलेलं त्यांनी पाहिलं होतं. शनिवारचं गवत आता कोण कापतं ते चिठ्ठीत नव्हतं.

आजी आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून पुस्तक चाळलं. गवताच्या मातीची घरं, नदीत पडलेली घंटा, पिवळा रंग फासलेलं दार, मिटलेली शाळा. सगळं मला पाठ होतं. शेवटच्या पानांत दोन बहिणींचं प्रकरण होतं आणि त्यात तो फोटो, अख्खं पान भरून. शेवाळलेला दगड, वर पिवळी चिठ्ठी, आणि आडवी पडलेली, वाकलेली, ओढणीवाली सावली.

खाली दोन ओळी होत्या. मी त्या आजींना जर्मनमध्ये सांगितल्या. ‘माझ्या मावशीचा दगड, त्याच्या शेवटच्या शरद ऋतूत. सावली, तो धुणाऱ्या बाईची.’

त्या गावाच्या इतिहासात मी आहे ती एवढीच. दगडावर पडलेली, त्या चिठ्ठीच्या शेजारी.